खालचा कप्पा

येडगाव,
१० फेब्रुवारी

प्रिय भरतदादा,

काल दुपारी अण्णांनी वाटीभर खाल्लं. मी तेव्हा विहिरीवर मोटर चालू करायला गेले होते, पण आई शेवटच्या घासापर्यंत समोर बसून होती. तिनं रिकामी वाटी मला दाखवली, म्हणजे बातमी पक्की.

तू बरा असशील. फोन उचलत नाहीस, म्हणून तू काम करतोस त्या हॉटेलच्या पत्त्यावर लिहिते. इकडे कांदा काढायला आलाय. बिबट्याच्या भीतीनं पाणी दिवसाच भरतो. घोडेगावच्या ऑफिसात मी रजा टाकली आहे. किती दिवसांची, ते मलाही ठाऊक नाही.

अण्णांनी खाल्लं ते तुझं गार कोळंबीचं सॅलड. तेच, जे तू अंगणात पाहुण्यांना वाढलं होतंस आणि अण्णांनी ताट सरकवलं होतं. "आमी जित्ती माणसं हाय राव! असलं गार मढ्याला वाढा." तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस.

परवा स्वतःच म्हणाले, "भरत्यानं केलं व्हतं, तसलं काय तरी कर. गरम जात न्हाई." आवाज आता घोगराच येतो.

सोमाजी भोयानं धरणावरची कोळंबी आणून दिली. मागच्या चुलीवर, मासळीच्या वेगळ्या पातेल्यात उकडली, बारीक चिरली, बिया काढून काकडी किसून घातली. लिंबू पिळलं नाही, घशाला झोंबतं. पण गार कुठं करायची? आईच्या गळ्यात माळ. फ्रिजमध्ये देवाचं दूध, विरजण. तिथं मासळी आजवर कधी गेली नाही, तुला माहीत आहे. मी बादलीत पाणी घेऊन त्यात वाटी ठेवली. अण्णांनी एक घास घेतला आणि थुंकला. "कोमट हाय."

आई दारात उभी होती. ती आत आली. फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यातलं दूध-दही काढून ओट्यावर ठेवलं, कप्पा पुसला. "ठेव हितं."

"आणि देवाचं?"

"देवाला ताजं दूध घेईन मी. तू ठेव."

तेव्हा मला कळलं की तिला कळलंय. आम्ही तिला घसा सुजलाय एवढंच सांगितलं होतं. दादा, अण्णांच्या घशातली गाठ परत आली आहे. डॉक्टर ऑपरेशन होणार नाही म्हणतात. पुढच्या सोमवारी पोटात नळी बसवतील, मग अन्न तिथूनच. तोंडानं काही नाही.

वाटी संपल्यावर अण्णांनी आईला विचारलं, "ह्यात त्यो अजून काय घालायचा गं? माझ्या ध्यानात न्हाई. मी चाखलंच कुठं!"

आईलाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

त्यांनी तुला बोलावलेलं नाही, ते मी खोटं लिहिणार नाही. पण काल संध्याकाळी खाट बाहेर, अंगणाकडच्या ओट्यावर घ्यायला लावली. तिथून एसटीचा थांबा दिसतो.

रविवारी सकाळी सोमाजी कोळंबी आणेल. मी सोलून ठेवीन, उकडणार नाही. आईनं दूध अजून वरच्या कप्प्यातच ठेवलंय. खालचा कप्पा मोकळा आहे.

वाट बघणारी,
आरती