अर्धी टोपली

सावली, चैत्र, १९८६

प्रिय रुखमा,

सप्रेम जयभीम. गडचांदूरला लेकाच्या क्वार्टरात पंख्याखाली बसली असशील. तुझा निरोप तुझ्या पुतण्यानं, देवाजीनं, मला सांगितला. गुडघे गेले, गावात आता माझं काय काम, घराचं दार तूच काढून ने, असं त्याला म्हणालीस म्हणे. त्यावर मागून बोलते. आधी माझी गंमत ऐक, पोटात मावत नाही बघ.

मी मास्तरीण झाले. हसू नको. सकाळची शाळा सुटली की पोरं उन्हात उंडारतात, म्हणून गुरुजींनी मला समाजमंदिरात बसवलं. म्हणाले, काहीही शिकवा, बाई. मला येतं काय? कोळशानं फरशीवर वाघ-बकरीचा पट आखला. दोन दिवस पोरं रमली. मग लहानू म्हणतो, "आजी, आमच्या घरी बकरीच नाई. मोह वेचणाऱ्या बायांचा खेळ काऊन नाई?" मी म्हटलं, नसेल तर करू. म्हणून बसले खरी, पण खेळ बनवतात कसा हे मला कुठं ठाऊक? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग पोरांसोबत आडच खणायला घेतला.

फोडलेले चिंचोके म्हणजे बाया, काळा गोटा म्हणजे वाघ, आणि वेचायला खरीच मोहफुलं. हरिदास जिंकलेली फुलं खाऊन टाकतो, त्यामुळं तो जिंकला का हरला हे कळत नाही. पहिल्या डावात वाघानं साऱ्या बाया खाल्ल्या आणि बारकी आशा रडायला लागली. मला दया आली, मी वाघाची चाल कमी केली. तर तीच पोरगी नाक पुसत म्हणते, "आजी, हा वाघ आहे का मांजर?" पुसला पट, पुन्हा आखला.

मग म्हटलं, आपण जंगलात कशा जातो ते आठवा. बाई वाकली की वाघाला ती जनावरासारखी दिसते, म्हणून जोडीला एकजण उभी राहून बोलत राहते. ठरलं. वाकलेला चिंचोका पालथा, उभा उताणा, आणि पालथ्याशेजारी उताणा असला तर वाघानं शिवायचं नाही. मी तर फुगून गेले. आणि खेळ जागच्या जागी बसला, रुखमा. उभ्या बाईला फुलं नाहीत, मग उभं राहील कोण? सारे वाकले, वाघाची दिवाळी. "तू उभा राय ना बे." "मीच काऊन?" मला उत्तर ठाऊक होतं, पण जीभ चावून गप्प बसले. मास्तरकीत तेवढंच अवघड असतं, हे त्या दुपारी मी शिकले.

शेवटी आशाच म्हणाली, "ते उभी राह्यली म्हणून तं वेचता आलं. मंग अर्धी टोपली तिची." आणि काय सांगू, खेळ उठून चालायला लागला. आता उभं राहायला कोणी का-कू करत नाही. काल गुरुजी वाघ झाले आणि उपाशी घरी गेले.

आठवतं का, नाल्यापलीकडच्या मोहाखाली मी वाकायची, आणि तेव्हाही तुझा गुडघा दुखायचा म्हणून तू उभी राहून साऱ्या गावाच्या चहाड्या मोठ्यानं सांगायचीस. येताना अर्धी टोपली तुझ्या दारात. त्याला कधी कोणी उपकार म्हटलं नाही. आता पोरं वाढली, दोन पट मांडावे लागतात. मी एकावर वाकले की दुसऱ्यावर वाघ लबाडी करतो. तिथं वाकायचं नाही, नुसतं उभं राहून बोलायचं, आणि थकलीस तर खुर्ची आहे. काल देवाजी हातोडी घेऊन आला होता. तुझ्या दाराला पाठ लावून मी उभी राहिले आणि तुझ्यासारखीच मोठमोठ्यानं बोलत सुटले. गेला बिचारा. पण तू लवकर ये. मला फार वेळ उभं राहायची सवय नाही.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
अंजना