स्टीलच्या तारा उतरवण्यापूर्वी

मी, प्रेमला गोपाळकृष्ण चांदोरकर, वय ७६, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार शनिवार पेठ, पुणे, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचेही न ऐकता (ही सवय जुनीच आहे) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी वकिलांकडून करून घेतलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या हार्पचा उल्लेख त्यांनी ‘एक जुने वाद्य’ असा उरकला होता.

आजच का लिहिते, ते आधी सांगते. मी दोन दिवस नाशिकला नणंदेकडे गेले असताना माझा मुलगा सलिल याने आतल्या खोलीतल्या हार्पला स्टीलच्या तारा चढवल्या. आज सकाळी परतले तेव्हा ती चकाकत उभी होती. संध्याकाळी सलिल खराडीहून ऑफिस आटोपून कॅमेरा घेऊन येईल आणि माझी नात अवनी ती हार्प खांद्यावर टेकवून, कान लाकडाला लावून वाजवायला बसेल. त्याआधी त्या तारा उतरल्या पाहिजेत आणि त्या मला उतरवाव्या लागणार आहेत. मला भीती वाटते. तेही इथे लिहून ठेवते.

कलम १. राहता फ्लॅट सलिलला. बँकेतल्या ठेवी अवनीच्या शिक्षणासाठी. नणंद मंदाकिनी हिने नेलेला तांब्याचा बंब तिच्याकडेच राहावा. तो आपलाच असल्याचे ती इतकी वर्षे सांगत आली आहे, आता ते खरे होऊ दे.

कलम २. हार्प. कॅम्पातला एक बंगला रिकामा होत होता, तेव्हा माझ्या यजमानांनी ती आणली. ती टेम्पोतून उतरवताना सासूबाईंनी, म्हणजे सुंदराबाईंनी, तारा कशाच्या आहेत ते विचारले. टेम्पोवाला भाबडेपणाने म्हणाला, “मेंढीच्या आतड्याच्या.” सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “देवघराच्या भिंतीला लागून आतडी? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.” यजमानांनी आईचा मान राखला. सगळ्या तारा काढून सतारीच्या दुकानातून स्टीलच्या आणल्या आणि त्याच सुराला चढवल्या. सोवळे सांभाळले म्हणून सासूबाई खूश, आवाज खणखणीत झाला म्हणून ते खूश.

आतड्याची तार लाकडाला सोसेल इतपतच ओढते. स्टीलची त्याच सुराला कितीतरी अधिक ओढते. चाळीसच्या वर तारा मिळून हार्पची मान, म्हणजे त्या अडकवलेला वरचा वाकडा दांडा, खाली खेचत राहतात, आपण जेवतो तेव्हाही आणि झोपतो तेव्हाही. आम्हांला हे ठाऊक नव्हते. दसऱ्याला शस्त्रांबरोबर वाद्यांची पूजा करायची, म्हणून यजमान मानेला झेंडूचा हार बांधायला वाकले, आणि मान सांध्यातून निखळली. खालच्या दुकानातली माणसे आवाज ऐकून वर धावली. सुटलेल्या तारेने यजमानांचा डावा डोळा नेला.

त्यांना दवाखान्यातून घरी आणल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, “प्रेमला, ती आतडी आण परत. देवाचं मी बघून घेते.” कसब्यातल्या सुताराने सांधा सरस लावून जोडला. सरस कशाचा करतात ते सासूबाईंनी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

त्यानंतर हार्पची देखभाल मी शिकले. आधी टपालाने मागवलेल्या पुस्तकावरून, पुढे मोबाइलवर बघून. पावसाळ्यात तारा फुगतात, एप्रिलमध्ये सुकून तटकन तुटतात. म्हणून मी सूर मुद्दाम उतरता ठेवते. रेकॉर्डिंगही शिकले, आणि त्याचे उपकरण सलिलनेच आणून दिले, हे त्याच्या बाजूने नोंदवते. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्यांवर गोधड्या, आणि एकेक तार शेवटपर्यंत विरू द्यायची. सूर विरल्यावर लाकूड काय म्हणते ते हेडफोनमध्ये ऐकायचे. इतकी वर्षे ते काही म्हणत नव्हते.

आज सकाळी मी तारेला हात न लावता रेकॉर्डिंग केले. आधी शांत होते. मग सांध्यातून ‘कट्’ असा बारीक आवाज आला. बऱ्याच वेळाने दुसरा. तिसरा त्यामानाने लवकर आला.

सलिलला फोन केला.

“आई, आतड्याच्या तारा सारख्या उतरतात. दिवाळी पहाटला अवनी सगळ्या सोसायटीसमोर वाजवणार, ट्यूनिंग स्टेबल नको का?”

“तुझ्या बाबांचा डोळा विसरलास?”

“तेव्हा सांधाच कच्चा होता गं, आता पक्का जोडलाय. आणि तू ऐकून तर बघ, काय ब्राइट साउंड आलाय!”

त्याचे बाबाही हेच म्हणाले होते, मराठीत.

कलम ३. हार्प अवनीला. पण फक्त आतड्याच्या तारांसह. त्या कपाटात काचेच्या बरणीत आहेत. सूर कोणाच्याही आग्रहाने वर चढवू नये. आज सांधा निखळलाच, तर ती पुन्हा जोडू नये. तिचे आजवरचे रेकॉर्डिंग अवनीने ठेवावे, वाद्य मोडून टाकावे. मला वाईट वाटेल म्हणून थांबू नये.

कलम ४. तारा उतरवण्याची रीत. एक तार पूर्ण सोडायची नाही, तिचा भार शेजारणीवर पडतो. सगळ्या थोड्या थोड्या, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. तार सैल करायची किल्ली फिरवताना तोंड तारांजवळच राहते, त्याला इलाज नाही. हेल्मेटसक्तीविरुद्ध मी दोनदा वर्तमानपत्राला पत्र लिहिले आहे. आज सलिलचे जुने हेल्मेट घालणार आहे.

अवनीने आत्ताच दार वाजवले. “आजी, तू लिहितेस तोवर मी जरा वाजवू का गं?” मी इतक्या जोरात ‘नाही’ म्हणाले की पोरगी रडली. अवनी, तुला आयुष्यात एवढी ओरडले नव्हते. तुझा कान त्या लाकडाला टेकलेला मला दिसत होता.

कलम ५. माझे काही बरेवाईट झाले तर सलिलला कोणी बोल लावू नये. नातेवाइकांनी तर नाहीच. त्यांच्यापैकी एकालाही सतारीची तार आणि सुतळी यांतला फरक कळत नाही. त्याने तारा हौसेने आणल्या, लेकीसाठी आणल्या. सलिल, तू तुझ्या बाबांचाच मुलगा आहेस, आणि ते मला फार आवडत होते.

माझे म्हणणे संपले. खाली सही करते.

(सही) प्रेमला गो. चांदोरकर
साक्षीदार: १. शरच्चंद्र भागवत, वरचा मजला. २. रतन ओसवाल, शेजारी.
स्थळ: शनिवार पेठ, पुणे. दिनांक: १६ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार क्र. १ यांचा शेरा: बाईंनी सही आम्हा दोघांसमोर केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. सलिल येईपर्यंत थांबा, असे मी म्हणालो, तेव्हा “तुम्ही अक्षर नीट काढा” असे उत्तर मिळाले. मग आम्हांला अवनीसह बाहेर काढून त्यांनी आतून कडी लावली. आम्ही तिघे जिन्यावर बसलो आहोत. आतून तारांची किल्ली फिरल्याचा आवाज येतो आहे. तो येतो आहे तोवर बाई ठीक आहेत, म्हणून आम्ही प्रत्येक फेरा मोजतो आहोत.