डाव्या बाजूचे बाण

प्रिय संघर्ष,

सप्रेम जयभीम.

हसू नकोस, पण मी पुन्हा स्काउट झालो आहे. गळ्यात स्कार्फ, कमरेला दोरी, खिशात शिटी आणि सगळ्यांच्या पुढे पोट. खाकी हाफपँट मात्र घालत नाही. समता म्हणाली, "ते घालून गावातून फिरसान तं मी माहेरी चालली जाईन," म्हणून फुलपँटवर भागवलं. समता म्हणजे माझी बायको. तुला माहीत असायचं कारण नाही, लग्नाला तू नव्हतास. नांदुऱ्याला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप येतात, मी तार गुंडाळत बसतो, बोटं कायमची काळी झाली आहेत. दिवाळीनंतर आपल्या शाळेचे हेडमास्तर शेतातला पंप घेऊन आले. तो टेम्पोत बांधताना मी दोरीला जी गाठ मारली ती बघून म्हणाले, "स्काउटमंदी होते काय हो तुम्ही?" मी हो म्हटलं आणि तिथेच फसलो. शाळेला शिक्षक कमी, पोरं उंडारलेली, आणि फुकट राबणारा माणूस आयताच सापडलेला. आता दर शनिवारी दुकान लवकर बंद करतो आणि गावाकडे निघतो.

पहिल्या दिवशी पोरांना डाव्या हाताने हात मिळवायला शिकवलं आणि तू आठवलास. डावखुऱ्या पोराला सगळीकडे ओरडाच खावा लागतो. तुझ्या आजोबांनी तर तुझा डावा हात गमछ्याने पाठीशी बांधून तुला जेवायला बसवलं होतं. आणि मग भागवत सर आले, त्यांनी सगळ्या वर्गासमोर तुझ्यापुढे डावा हात केला, म्हणाले, स्काउट असाच हात मिळवतो. तुझा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा झाला होता. महिनाभरात तू वाघ संघाचा नायक झालास आणि मी उपनायक. सगळे मिळून डरकाळी फोडायचो आणि वस्तीतली कुत्री तासभर गप्प बसायची नाहीत.

वाटेच्या खुणांचे सरांचे नियम मी पोरांना जसेच्या तसे सांगितले. दगडांचा बाण नेहमी वाटेच्या उजव्या बाजूला. जो सगळ्यांत शेवटी चालतो त्याने खुणा मोडत यायचं, म्हणजे नंतर कोणी भलताच त्या वाटेला लागत नाही. चौकोनात बाण काढला असेल तर जवळच निरोप लपवला आहे असं समजायचं. आणि सगळ्यांत शेवटी गोल, म्हणजे 'घरी पोचलो'. गोलात जितके दगड तितकी माणसं पोचली. तू सगळं बिनचूक करायचास, फक्त बाण लावायचास डाव्या बाजूला. सर वैतागायचे. "काऊन बे, उजवी बाजू कोणती हे बी समजत नाही काय तुले?" आणि तू शांतपणे म्हणायचास, "सर, हात जिकडं जाते तिकडं दगड ठेवतो." शेवटी आम्हीच सवय करून घेतली. संघर्षच्या मागे जायचं तर डावीकडे बघत चालायचं.

आता गावाचं सांगतो. आपलं गाव उठलं. खाली धरण झालं आणि सगळ्यांना वर रस्त्याकडेला नवं गावठाण मिळालं. सिमेंटचे रस्ते, एकसारखे प्लॉट, आणि नव्या विहारात आपली तीच जुनी मूर्ती. जाताना लोकांनी दारं, चौकटी, टिनं, मोऱ्यांच्या फरश्यासुद्धा काढून नेल्या. भिंती तेवढ्या राहिल्या. भर दुपारी तिथे उभा राहिलो की मला माझ्याच श्वासाचा आवाज येतो, आणि मग तिथे फार वेळ थांबवत नाही. त्या सगळ्या उघड्या भिंतींत एकच घर दारासकट उभं होतं, ते तुझं. आत तुझी आई आणि तिच्या शेळ्या. या पावसाळ्यात धरणाची दारं लावणार, घरात पुरुषभर पाणी येणार, असं साहेब लोक येऊन सांगून गेले. तुझी बहीण महामाया, दोन वेण्यांची रडकी, आता मेहकरला मास्तरीण आहे. ती येऊन पाया पडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. आई ढिम्म हलेना. नव्या घराची किल्ली खुंटीला तशीच टांगलेली. मी गेलो तर मलाही तेच उत्तर. "मी गेली तं माह्या पोरानं कुठं याव, धम्मा? त्याले हेच घर मालूम हाय."

मला एकच घोर लागला होता, की पाणी येण्याआधी तुझ्या आईला, माझ्या मावशीला, तिथून काढायचं कसं.

फेब्रुवारीत पोरांचा पहिला खुणांचा खेळ घेतला. नव्या गावठाणात दगडच नाहीत, म्हणून जुन्या गावामागच्या माळावर गेलो. बाण मी स्वतः लावले, सगळे उजव्या बाजूला, आणि नाल्याच्या अलीकडे गोल करून परत माळाच्या तोंडाशी येऊन झाडाखाली बसलो. पोरं गेली ती येईनात. शिटी वाजवून वाजवून माझे गाल दुखले. शेवटी नाल्याच्या पलीकडून, डोंगराच्या अंगाने धावत आली. म्हणाली, "सर, गोल सापडला, पण बाण त्याच्या पुढं बी होते." मी म्हटलं थापा मारता. तर म्हणतात, "नाही सर, खरंच. पण ते तुम्ही चुकीच्या बाजूनं लावले."

मी एकटाच बघायला गेलो. नाल्यापलीकडच्या पाऊलवाटेवर, डाव्या बाजूला, नीट लावलेले बाण होते. टोकं गावाकडे, म्हणजे डोंगराकडून येणाऱ्याच्या डाव्या हाताला. दगडांची ओली बाजू वर होती, म्हणजे ते नुकतेच उचललेले होते. आपण भुताखेताला न मानणारी माणसं. तुझ्या घरात कोणी तसलं बोलायला लागलं तर तुझे बाबा ताटावरून उठून जायचे. मीही स्वतःला तेच बजावलं, कोणा गुराख्याचा चाळा असेल म्हटलं, नियमाप्रमाणे खुणा मोडल्या आणि परत फिरलो. पण येताना दोनदा मागे वळून बघितलं, हे तुझ्यापासून काय लपवायचं.

कारण तुझे शेवटचे बाण आम्ही त्याच वाटेवर बघितले होते. नववीतलं शिबिर. वाट लावायला तू पुढे गेलास आणि अर्ध्या तासाने आम्ही निघालो, डावीकडे बघत, हसत, तुझ्या नावाने ओरडत. नाल्यापलीकडे बाण होते, सागाच्या पट्ट्यापर्यंत होते, आणि मग नव्हते. गोलही नव्हता. आम्ही हाका मारल्या, डरकाळ्या फोडल्या. नंतर पोलीस आले, जंगलखात्याची माणसं आली, तीन गावं मिळून डोंगर पालथा घातला. तुझी चप्पलसुद्धा मिळाली नाही. भागवत सर त्यानंतर कधी शिटी वाजवताना दिसले नाहीत. ते जाईपर्यंत दर शनिवारी नाल्यावर जाऊन बसायचे. तुझ्या बाबांनी काही वर्षांनी मन घट्ट करून, तुला गेलेला धरून, पुण्यानुमोदनाचं काढलं, तर तुझ्या आईने भंतेजींना दारातूनच हात जोडले. "त्यानं गोल केलाच नाही ना. मंग तो गेला असं कसं म्हनू मी?" बाबा गेले. त्यांचा फोटो भिंतीवर लागला. तुझा अजूनही नाही.

पुढच्या शनिवारी बाण नाल्याच्या अलीकडे होते. मी मोडले. मग मसणवट्याजवळ. मोडले. मग शाळेच्या मोकळ्या भिंतीला लागून. दर खेपेला डाव्या बाजूला, आणि दर खेपेला घराच्या आणखी जवळ. समताला सांगितलं तर ती म्हणाली, मावशीच लावत असतील, एकटं माणूस काय करेल सांगता येत नाही. पण मावशींचे गुडघे गेलेत रे, भिंत धरून शेळ्यांपर्यंत जातात. आणि एवढी वर्षं त्यांच्या हातची भाकरी खाल्ली आहे मी, त्या उजव्या हाताच्या आहेत.

मे महिन्यात एका दुपारी शेवटचा बाण तुमच्या पायरीशी दिसला, टोक दाराकडे. गोल नाही. आई उंबऱ्याच्या आत बसून तूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पाह्यलं म्या. दारापर्यंत येते न् थांबते." मी विचारलं, "आत काऊन नाही येत?" आणि विचारल्यावर मलाच दचकायला झालं, कारण मी ते अगदी साधेपणाने विचारलं होतं, पाहुण्याबद्दल विचारावं तसं. आई म्हणाली, "कसा येईन? गाव कुठं हाय इथं? ना मानूस, ना चूल, ना कुत्रं भुकत. त्याले वाटत असन, आपुन दुसऱ्याच गावात आलो."

मला तिथेच सुचलं. म्हटलं, मावशी, मग त्याला आपलं गाव जिथे आहे तिथली वाट दाखवू. तुमच्या दारापासून नव्या घरापर्यंत मी बाण लावतो. आई बराच वेळ सुपातल्या तुरीवरून हात फिरवत राहिली. मग खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "डाव्या बाजूनं लावजो."

सामान टेम्पोने पुढे गेलं. आई टेम्पोत बसेना. काठी टेकत, दर लिंबाखाली थांबत माझ्याबरोबर चालली, आणि प्रत्येक बाणाचा पहिला दगड तिने स्वतः वाकून ठेवला. नव्या अंगणात पोचल्यावर मी गोल करायला गेलो तर हात धरला. "तो तोच करन." मी फार खूश होतो, संघर्ष. साहेब लोकांना जमलं नाही, मुलीला जमलं नाही ते मी करून दाखवलं होतं. महामाया फोनवर हुंदके देऊन रडली. हेडमास्तरांनी पोरांसमोर माझं कौतुक केलं आणि मी पोट आत घेऊन उभा राहिलो.

नव्या घरात आई चांगली जेवते, शेजारणींशी बोलते. खाट अंगणातच टाकते. पण तिने शेळ्या देऊन टाकल्या. पितळेची भांडी महामायाला ने म्हणाली. तुझा स्कार्फ धुऊन, घडी करून उशाशी ठेवला आहे. परवा मी विचारलं, मावशी, काही लागते काय? तर तिने हात पुढे केला. डावा. मी मिळवला. म्हणाली, "काही नाही लागत बापू. मी तयार हाओ." आपला स्काउटचा 'तयार' रे. तू शाळेत निघताना रोज दारात टाच जुळवून ओरडायचास तो. मी हसलो. नांदुऱ्याच्या फाट्यापर्यंत हसू टिकलं आणि मग कुठेतरी गेलं.

आज सकाळी जुन्या गावाकडे चक्कर टाकली. तुमच्या पायरीपासून मी लावलेला पहिला बाण नव्हता. दगड विखुरलेले, ओली बाजू वर. दुसराही मोडलेला. नदीच्या वळणापर्यंत एकेक करून सगळे मोडले होते, गुरांनी तुडवल्यासारखे नाही, हाताने, नीट, एकही न सोडता. वळणापुढचे मात्र जसेच्या तसे. शेवटी चालणारा खुणा मोडत येतो, हे मला कोणी सांगायला नको. मी वळणावर उभा राहून तुला हाक मारणार होतो, पण आधी पुढचे बाण कुठे जातात ते बघितलं. आणि तेव्हा मला कळलं की मी तुझ्या आईला पाण्यातून काढायला वाट लावली आणि तीच वाट तुला तिच्या खाटेपर्यंत आणते आहे. म्हणून दुकान उघडून, हातातला पंप बाजूला सारून हे लिहायला बसलो. हे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून वळणापुढच्या पहिल्या बाणाशी ठेवतो, चौकोन करून, डाव्या बाजूला, म्हणजे तुला सापडेल. उरलेले बाण मोडून टाकावेत असंही मनात आलं, पण माझा हात होत नाही. तू किती चालून आला असशील. तू ये. मला तुझी फार आठवण येते, आणि आता तुझ्यासमोर उभं राहायची भीतीही वाटते, दोन्ही खरं आहे. अंगणात ये, आईला डोळे भरून बघ, तिच्या उशाचा स्कार्फ घे, गोल कर. तिने तुझी इतकी वर्षं वाट बघितली, आता तिला नातवंडांबरोबर थोडं बसू दे. महामायाची पोरं सुट्टीत येणार आहेत. आई तयार आहे म्हणाली तरी ऐकू नकोस. तू नायक, मी उपनायक, तुला कधी हुकूम केला नाही, आजही करत नाही, हात जोडतो. गोलात दगड एकच ठेव.

तुझाच,
धम्मरत्न
उपनायक, वाघ संघ