मेंढीच्या डोक्याशी बसणारी

नागपूर, दि. ८ जुलै २००३

तीर्थरूप आबांच्या आणि आईच्या पायी शिवहारचा नमस्कार.

आम्ही दोघं खुशाल आहोत. सत्यशीलाताईला एम.डी.ला जागा मिळाली. शेवटच्या यादीतलं तिचं नाव मी चार वेळा वाचलं, मगच हे पत्र लिहायला घेतलं.

परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणून सर्जन होणं राहिलं. ऑपरेशनच्या वेळी रोग्याच्या डोक्याशी बसून भूल द्यायची आणि त्याचा श्वास सांभाळायचा, ते शिक्षण मिळालं आहे. ती जेवते, पण थोडंच.

काल छापखान्यातून सुटून डबा घेऊन ताईकडे गेलो, तर म्हणाली, "शिवहार, आबाला कसं सांगावं रे? म्हणतील, एवढं शिकून बी पोरगी डोकंच धरून बसली!"

मग दोघंही खूप हसलो. आबा, तुम्ही लोकर कातरायला बसलात की ताई मेंढीचं डोकं मांडीवर घ्यायची. पाय मी धरायचो आणि लाथा खायचो. तिचं बोट मेंढीच्या नाकापुढे असायचं. तुम्ही विचारायचात, "श्वास बराबर हाय का गं?" ती "व्हय" म्हणाली तरच कातर पुढे चालायची.

आता इथले सर्जनही तिला तेच विचारणार, आणि तिने हो म्हटल्यावरच हात लावणार.

आईचा गुडघा कसा आहे? पांढरी मेंढी व्याली का?

ताईला दोन ओळी पाठवा. अंगदकाकांकडून लिहून घेतल्यात तरी चालतील. ती रोज पोस्टमनची वाट बघते, आणि बघत नाही असं मला सांगते.

तुमचा,
शिवहार