पाइपच्या दोन बाजू

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. आ.

वर्षाकाठी चार ओळी खरडणारा दादा आज पानभर लिहितोय म्हणून घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. कारखान्यात वेल्डिंगचं नवं यंत्र आलंय. पाइपभोवती कडं बसवून बटण दाबलं, की टॉर्च आपणहून गोल फिरून जॉइंट भरते. करंट ठेक्यात कमी-जास्त होतो, ठिणग्या जवळजवळ नाहीतच. आपण दोघं मिळून दिवसाला तीन जॉइंट करायचो, ते एकटं आठ करतं आणि एक्स-रेत सगळे पास. नावं ठेवायला जागाच नाही, याचाच मला राग येतो.

पाइप एका अंगाला ओढला जाऊ नये म्हणून आपण समोरासमोर बसून एका वेगाने भरायचो. मुखवट्यातून तू दिसायचा नाहीस, तुझ्या आर्कच्या चरचरीवर माझा हात चालायचा. आता पडद्याआड एकटा बसून आकडे बघतो. घरी तुझी वहिनी गेल्यापासून बोलायला भिंती. फार एकटं वाटतं रे. चार दिवस येऊन जा.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इथे फाटकं आणि कठडे जोडण्यात मान वर करायला फुरसत नाही. मालक मी, नोकरही मीच, त्यामुळे रजा मागितली तरी नाकारणार कोण तर मीच.

खरं सांगायचं तर यावंसं वाटत नाही. जॉइंटवर ठोकलेल्या माझ्या नंबराखाली एक्स-रेत पोकळी निघाली आणि मला काढलं, हे अकरा वर्षांनीही तिथे कोणीतरी काढेलच. तुझा गुडघा कसा आहे? शेकतोस ना?

तुझा,
बारक्या

२ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

परवा यंत्राचा आर्क मधेच तुटला. कुठे आणि किती वेळ, ते कागदावर लगेच छापून आलं. आत पोकळी राहू नये म्हणून तेवढी जागा घासून दहा मिनिटांत पुन्हा भरली. कोणी चकार शब्द काढला नाही. मी मात्र तो कागद हातात धरून बसून राहिलो.

त्या दिवशी माझा गुडघा धरला होता म्हणून तू तुझी स्टुलाची बाजू मला दिलीस. काम संपल्यावर कोणी कुठली बाजू भरली त्याचे दोघांचे नंबर मी ठोकले, ते सवयीने नेहमीच्या बाजूंना. पोकळी माझी होती, बारक्या. एक्स-रे आल्यावर माझ्या ध्यानात आलं, पण नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो. मला लाज वाटते. उद्या साहेबांना लेखी देतोय. तू माफ करावंस असं म्हणायला तोंड नाही.

दादा

११ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. पलीकडे तुझा आर्क तुटून पुन्हा लागला, ते मी ऐकलं होतं. साहेबांच्या खोलीत मी तुझ्याकडे बघत होतो, तू फरशीकडे. तू बोलशील म्हणून थांबलो होतो. मग घरी पोचल्यावर, मग वर्षभर. तुझं पत्र आलं की आधी तेच शोधायचो, आणि तू हवापाण्याचं लिहायचास. फार राग यायचा, दादा. आणि मग करमायचंही नाही.

आता लिहिलंस, पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. रविवारी सकाळी पोचतो. माझा डावा कान गेलाय, तेव्हा उजवीकडे बस. या वेळी तरी बाजू चुकवू नकोस.

तुझाच,
बारक्या