फाशी होईपर्यंत अनवाणी

४ मार्च, सोमवार
तिसरा अर्ज आज रजिस्टर पोस्टाने गेला. चार वेळा लिहून काढला. 'दयेचा अर्ज फेटाळून शिक्षेची अंमलबजावणी व्हावी, ही नम्र विनंती.' दिल्लीत कुणी वाचलाच, तर दत्तादादाच्या भावाला धड लिहिता येत नाही असं त्याला वाटू नये.
दादाला जाऊन अकरा वर्षं. बाजारात कांद्याचा टेम्पो लावून शेजारी चहाला गेला, तेवढ्यात स्फोट. माझी अकरावी तिथंच सुटली. बॉम्ब ठेवणाऱ्याला फाशी सुनावली, त्या दिवशी आप्पांनी लेकासाठी येडाई देवीपुढं चप्पल काढली. तो फासावर जाईपर्यंत अनवाणी. त्याला सात वर्षं झाली. वरच्या दोन्ही कोर्टांनी फाशी कायम केली. दयेचा अर्ज तीन वर्षं पडून.
आप्पांच्या उजव्या टाचेला भेग पडली आहे, अंगठाही सुजलाय. विचारलं तर म्हणतात, "काही न्हाय, खडा टोचला."

९ मार्च, शनिवार
सेतू केंद्रात माझ्या खुर्चीपुढं गर्दी. एक फरशी बसवणारा आला, मूळचा बंगालचा. रहिवासी दाखला हवा. हातात फक्त एका ओळखीच्या माणसाची चिठ्ठी. "भाऊ, सगळे करून देतात." मी परत पाठवला.
दादाला मारणारा परवानगीशिवाय हद्द ओलांडून आला आणि तीन वेगवेगळ्या नावांचे दाखले काढून राहिला. तिन्ही वेळा माझ्यासारखाच कुणीतरी खुर्चीत बसला होता. त्यानं नीट बघितलं असतं तर... हे मी अर्जातही लिहिलं आहे. आत येणाऱ्याची चौकशी कडक हवी, आणि खोट्यावर शिक्का मारणाऱ्यालाही शिक्षा हवी.
दु. ४ ला तो माणूस परत आला. शाळेचा दाखला, मतदार कार्ड, वीजबिल, सगळं मूळ. एकेक ओळ तपासली. काहीच खोट नाही. रांग थांबवून त्याचं काम आधी केलं. तुमचा कामाचा दिवस बुडाला म्हणून वाईट वाटतंय म्हणालो, तर हसला. "आपने देखा तो सही. कोई देखता नहीं."

१७ मार्च, रविवार
अंगठा काळा पडलाय. रशीदचाचांच्या रिक्षातून आप्पांना येरमाळ्याला दवाखान्यात नेलं. चाचा आप्पांचे शाळेपासूनचे सोबती. वाटेत म्हणाले, "आप्पा, या रिक्षाचे टायर म्या पाचदा बदलले. तुमचं मात्र एकाच टायरवर चाललंय." आप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी.
डॉक्टर हसले नाहीत. साखर तीनशेच्या वर. "आजपासून मऊ चप्पल. घरातसुद्धा. नाहीतर पाय जाईल."
आप्पा : "जाऊ द्या. त्याला फाशी झाली की दुसऱ्या पायात घालीन."
घरी आल्यावर आई पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "देवीपुढं कुणाचं मरण मागत्यात व्हय?"
"मरण न्हाय मागत. कोर्टानं दिलंय तेवढंच मागतोय."
मला आप्पांचं पटतं. त्या स्फोटात बावीस माणसं... नको. मोजायला लागलो की दादा त्यात मिसळून जातो.

२२ मार्च, शुक्रवार
स. ११ ला सरकारी वकिलांचा फोन. दयेचा अर्ज फेटाळला!! आता जेल तारीख ठरवील.
केंद्राला कुलूप लावून धावत घरी. आप्पा गोठ्यात होते. सांगितलं तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईला सांग."
आई दादाच्या फोटोपुढं बसली. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. कुणी तरी आपलं ऐकलं, असं वाटलं.
गावातली पोरं फटाके घेऊन आली. आप्पांनी परत पाठवली. "सण हाय का?"
येरमाळ्याहून मऊ तळाची चप्पल आणली, नऊ नंबर. आप्पांनी हातात घेऊन दाबून बघितली. "त्या दिवशी घालू."

२ एप्रिल, मंगळवार
फाशीला स्थगिती. दयेच्या अर्जाचा निकाल लागायला फार उशीर झाला, म्हणून शिक्षा जन्मठेपेत बदलावी, अशी त्याच्या वकिलांची मागणी. कोर्ट ऐकून घेणार.
आप्पांनी दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग विचारलं, "उशीर आपण केला का?"
"न्हाय."
"मग तो आपल्या अंगावर का?"
कायद्यानं सगळ्या पायऱ्या चढाव्यात, हे मला मान्य आहे. घाईनं चुकीचा माणूस फासावर जाऊ नये. पण पायऱ्या संपल्यावरही थांबायचं, आणि थांबण्याचा फायदा त्यालाच...
चप्पल खोक्यातच.

११ एप्रिल, गुरुवार
धाराशिवला आप्पांचा अंगठा कापला. सही माझी. फॉर्मवरचं सगळं वाचलं, तरी हात थांबला. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर अनवाणी चालले तर घोट्यापासून.
शुद्धीवर आल्यावर आप्पांचा पहिला प्रश्न : "वकिलाचा फोन?"
रशीदचाचा बाहेर भिंतीकडं तोंड करून रडत होते.

२४ एप्रिल, बुधवार
आई म्हणाली, बापाचा नवस लेकाला अंगावर घेता येतो. तिच्या माहेरी एकानं घेतला होता. येडाईच्या पुजाऱ्यांना विचारून आलो. ते म्हणाले, "घेता येतो. पण देणाऱ्यानं मनानं द्यायला पाहिजे. अन् घेणाऱ्यानं मधी सोडायचा न्हाय."
आप्पा तयार नाहीत. "माझं लेकरू, माझा नवस." मी म्हणालो, "माझाबी भाऊ होता, आप्पा."

२८ एप्रिल, रविवार
येडाईच्या पायरीशी माझी चप्पल काढली. पुजाऱ्यांनी दोघांच्या हातात एकच नारळ दिला. आप्पा बराच वेळ सोडेनात. मग सोडला.
नवी चप्पल मी त्यांच्या पायात घातली. उजवी पुढून रिकामी राहते, तिथं कापूस भरला. उतरताना दोनदा अडखळले. सात वर्षांत चपलेची सवय मोडलेली. आधार द्यायला गेलो तर, "तू खाली बघ. काचा असत्यात."

५ मे, रविवार
आठ दिवस झाले. दुपारी डांबरावरून चालवत नाही, कडेच्या मातीतून जातो. तळव्याला तीन फोड. आप्पा रोज संध्याकाळी पाय बघायला मागतात. मी तळवे लपवून मांडी घालून बसतो.
वकिलांचा फोन : सुनावणी पुढं गेली. नवी तारीख नाही.
पुढच्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत, अणदूरचे. आईला विचारलं, अनवाणी का म्हणाले तर काय सांगायचं? ती कांदा चिरत होती. म्हणाली, "खरं ते सांग." मग, मान वर न करता, "पर त्यांची पोरगी इचारल, तुमच्यामागं ह्यो नवस कुणाच्या अंगावर? तिला काय सांगशील?"
फाशी झालीच पाहिजे. यात आजही तसूभर फरक नाही. आईला मात्र उत्तर दिलेलं नाही. पाहुणे यायला सात दिवस आहेत.