कषाय कडू नव्हतं

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी अंगण झाडलं, दूध तापवलं, मग कषायाला, म्हणजे काढ्याला, पाणी ठेवलं. काल बन्नीमंटपाजवळच्या कुंपणावरून काढून आणलेली गुळवेल, झाडाखाली पडलेले चार आवळे, थोडं आलं. सुनेला, सुनीताला, पाचवा महिना चालू आहे. पेला संपवून ती म्हणाली, "आई, आज कडूच नाही! स्वल्प अजून द्या की." मी फुशारून दिलं.

गुळवेल आणि कडू नाही? तेव्हाच कळायला हवं होतं. हे होते तेव्हा आधी स्वतः पान चावून बघायचे, मगच ते पातेल्यात पडायचं. मी पुस्तकातलं चित्र बघते. आत्ता उरलेली वेल मोडली, तर पांढरा चीक आला. गुळवेलीला असा चीक नसतो, हे त्याच चित्राखाली लिहिलंय. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

ती आत भाजी चिरते आहे. दोनदा विचारलं, पोटात बरं आहे ना? "एष्टु सल, किती वेळा विचारता, आई! तुम्हालाच काय झालंय?" सांगितलं तर पुन्हा माझ्या हातचं पाणी तरी घेईल? आणि नाही सांगितलं तर?

कडू नव्हतं. मी एक घोट का नाही घेतला?

बुधवार

उजाडताच तिला सगळं सांगितलं आणि तो वेलीचा तुकडा घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात गेले.